डोंगराला हरायला सांगायचं कुणी?

मुलांनो, जरा कल्पना करून बघा. तुमच्यासमोर एक माणूस बसला आहे. वजन एकशे अठरा किलो. मान कुठे संपते आणि डोकं कुठे सुरू होतं, ते सांगता येत नाही. त्याच्या एका पंजात तुमचं दप्तर, डबा आणि पाण्याची बाटली एकदम मावेल. आणि तुम्हाला त्याला सांगायचं आहे, "भाऊ, येत्या रविवारी तुम्ही हरायचं बरं का!"

सांगाल? थांबा, लगेच मान डोलावू नका. तुम्ही स्वतः छप्पन्न किलोचे आहात, तुमचा डावा गुडघा दुखतो, आणि त्या माणसाच्या हातात या घटकेला एक लांबलचक कात्री आहे.

कात्री अशासाठी की तो माणूस शिंपी होता. सोमवार ते शनिवार तो शर्टांच्या कॉलरी उलटवून द्यायचा आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तो 'डोंगर' व्हायचा. डोंगर म्हणजे कुस्तीतला अजिंक्यवीर. सव्वादोन वर्षं सोनेरी पट्टा त्याच्याकडे होता. दुकानात शिलाई मशीनच्या मागे, भिंतीवर, खिळ्याला टांगलेला.

आणि समोर घाम पुसत बसलेले छप्पन्न किलोचे गृहस्थ म्हणजे आपले आजोबा. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात नोकरी केली होती. दुकानदारांचे तराजू तपासायचे, वजनं तपासायची, खरं असेल तर शिक्का, खोटं असेल तर जप्ती. किलो म्हणजे किलो. त्यात 'तसं बघायला गेलं तर' वगैरे काही नाही. असा माणूस निवृत्तीनंतर कुस्तीचा पंच कसा झाला हे सांगत बसलो तर रविवार उजाडेल. तेव्हा झाला, एवढं धरून चाला.

आता ही कुस्ती कशी होती, तेवढं नीट समजून घ्या. पडणं खरं. लागणं खरं. घामही खरा. फक्त कोण जिंकणार हे आधी ठरलेलं. ते ठरवायचे गादीवाले. त्यांचं गाद्यांचं दुकान होतं, त्यामुळे रिंगमध्ये अंथरायच्या गाद्यांची कधी ददात नव्हती. आणि दर वेळी डोंगरच जिंकतो म्हणून लोक शेवटच्या कुस्तीआधीच चपला शोधायला लागले होते. गादीवाल्यांनी ठरवलं, आता पट्टा बाणाला द्यायचा. बाण म्हणजे दुसरा पैलवान. सडपातळ, चपळ, आणि आठवडाभर पोस्टमन.

"मग तुम्हीच सांगा ना डोंगराला," आजोबा म्हणाले होते.

"अहो पंचकाका, मी सांगितलं तर तो हुकूम होतो. तुम्ही सांगितलंत तर विनंती होते," गादीवाले म्हणाले. "शिवाय मी त्याच्याकडे शिवायला कापड टाकलंय."

शिवाय एक रिवाजही होता. ज्या रविवारी पट्टा पणाला लागणार, त्याच्या आधीचा अख्खा आठवडा दोन्ही पैलवानांनी एकमेकांशी बोलायचं नाही. वैर खरं वाटलं पाहिजे ना! जे काही बोलायचं ते पंचामार्फत. याला ते लोक 'पट्ट्याचा आठवडा' म्हणत. आजोबा याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणत, पण मनातल्या मनात.

तर सोमवारी आजोबांनी ते वाक्य उच्चारलं. डोळे मिटून.

काहीच झालं नाही. डोळे उघडून बघतात तर डोंगर कात्री खाली ठेवून खडूचा तुकडा बोटांत फिरवत होता.

"कुणाकडून?" त्याने हळू आवाजात विचारलं. त्याचा आवाज त्याच्या मानाने फारच लहान होता.

"बाणाकडून."

"बाणाच्या कमरेचं माप माझ्या वहीत आहे, काका. अठ्ठावीस. पट्टा राहील का त्या कमरेवर? घोट्यापर्यंत घसरेल."

"एखादं भोक पाडू की."

"या पट्ट्याला भोक?" डोंगराने भिंतीकडे असं बघितलं, जणू पट्ट्याने ऐकलं तर काय वाटेल. "काका, तुम्हाला मन आहे की नाही?"

मग त्याने खणातून एक चंदेरी विजार काढून टेबलावर पसरली. कुस्तीत सगळ्यांचे कपडे तोच शिवायचा. ही बाणाची रविवारची विजार. तिला एकच पाय होता.

"दुसरा पाय?" आजोबांनी विचारलं.

"माझा विचार पक्का झाला की मग बघू," डोंगर म्हणाला आणि त्याने मशीन सुरू केलं. म्हणजे भेट संपली.

आजोबा घरी आले. तुम्हाला माहीत असेलच, अडचण एकाची असली की सल्ला दहांचा असतो. इथे दोनच शेजारी होते, पण दहांना भारी.

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई जिन्यातच भेटल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "तुम्ही मुळात 'हरा' म्हणालातच का? मी कधी 'दात काढते' म्हणते का? मी विचारते, सुट्टीत कुठे गेला होतात? ते सांगायला पेशंट तोंड उघडतो. आणि तेवढ्यात…" त्यांनी हवेत हाताला असा काही हिसका दिला की आजोबांची जीभ आपोआप दाढांवरून फिरून आली.

समोरच्या घरातले वकीलसाहेब म्हणाले, "तोंडी काही नको. लिहून घ्या. कलम एक, कलम दोन. तीन प्रती काढा. माणूस फिरतो, कागद फिरत नाही." वकीलसाहेबांच्या स्वतःच्या फाटकाचा तंटा गेली नऊ वर्षं चालू होता आणि त्यांच्याकडे कागद भरपूर होते.

"तुम्ही गेलातच कशाला?" आजी म्हणाली. खरं तर तिन्ही सल्ल्यांत हाच उत्तम होता, पण तो द्यायला थोडा उशीर झाला होता.

हे सगळं आणखी एक जण ऐकत होतं. भिंगरी. आजोबांची नात, वय नऊ. एका जागी स्थिर राहत नाही म्हणून भिंगरी. येत्या रविवारी ती पहिल्यांदाच कुस्ती बघायला येणार होती आणि घंटेच्या टेबलाशेजारची खुर्ची आजोबांनी तिच्यासाठी राखून ठेवली होती.

"आजोबा," ती म्हणाली, "कोण जिंकणार ते गादीवालेकाका ठरवतात. कसं पडायचं ते पैलवान ठरवतात. मग तुम्ही काय ठरवता?"

आजोबांनी चष्मा काढला. पुसला. घातला. पुन्हा काढला. चौतीस वर्षांत त्यांना एकाही दुकानदाराने असा प्रश्न टाकला नव्हता.

"घंटा," शेवटी ते म्हणाले. "एक ठोका म्हणजे कुस्ती सुरू. तीन ठोके म्हणजे संपली. आणि मी खूण केल्याशिवाय घंटा वाजत नाही."

"एवढंच?"

"एवढंच काय? एवढं!" आजोबा म्हणाले. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

बुधवारी, कुस्त्या जिथे व्हायच्या त्या सभागृहाच्या कचेरीत जायचं होतं. हे सभागृह नगरपालिकेचं. एरवी तिथे बॅडमिंटन चालायचं. दर महिन्याला गादीवाले अर्ज भरत. या वेळी 'तुम्ही सरकारी माणूस, तुमच्या हाताला यश आहे' असं म्हणून त्यांनी तेही आजोबांच्या गळ्यात मारलं. भिंगरीला सुट्टी होती म्हणून तीही सोबत गेली.

खिडकीमागचे कारकून नवे होते. त्यांनी अर्ज वाचला, मागून वाचला, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोरं आहे. कार्यक्रमाचं स्वरूप. स्पर्धा की नाटक?"

"कुस्ती," आजोबा म्हणाले.

"कुस्तीला चौकट नाही. दोनच चौकटी आहेत. स्पर्धा असेल तर तसं लिहून द्या, की निकाल आधी ठरलेला नाही. आणि प्रथमोपचाराची पेटी लागेल. नाटक असेल तर संहिता तीन प्रतींत. सगळे संवाद हवेत."

"संवाद फारसे नसतात. 'आऽऽ' असतं. 'ऊऽऽ' असतं."

"ते लिहून आणा. किती वेळा 'आ', किती वेळा 'ऊ'. मंजुरीला एकवीस दिवस."

"पण कार्यक्रम रविवारी आहे!"

"मग स्पर्धा," कारकून म्हणाले आणि त्यांनी पेन पुढे केलं.

आजोबांनी पेन घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही. खरं लिहावं तर कार्यक्रम रद्द, खोटं लिहावं तर चौतीस वर्षं पाण्यात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी विचारलं, दोन्ही चौकटींत अर्धी अर्धी खूण चालेल का? चालत नव्हती. मागे रांगेतला माणूस खाकरला. आजोबांनी स्पर्धेच्या चौकटीत एक बारीकशी खूण केली, इतकी बारीक की ती खोटी असली तरी छोटी वाटावी, आणि खाली सही केली.

"आजोबा," भिंगरी मोठ्याने म्हणाली, "पण निकाल तर ठरलाय ना?"

"हळू," आजोबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. परत येताना ती नेहमीसारखी उड्या मारत चालली नाही. शेजारून सरळ चालली. आजोबांना ते फार लागलं. नातीने रागावावं, रुसावं, पण सरळ चालू नये.

पुढचे दोन दिवस आजोबांच्या पायांना चाकं लागली. आधी डॉक्टरीणबाईंचा उपाय. डोंगराच्या दुकानात जाऊन त्यांनी विचारलं, "काय, सुट्टीत कुठे गेला होतात?" डोंगर कुठेतरी तळ्याकाठी गेला होता आणि तिथे त्याने पोहायला शिकायचा प्रयत्न केला होता. हे सांगायला त्याला पाऊण तास लागला. तोंड तर उघडलं, पण आता आत हात कधी घालायचा हे काही आजोबांना कळेना. शेवटी तळंही संपलं आणि डोंगराने मशीन सुरू केलं.

मग वकीलसाहेबांचा उपाय. कागद काढला, कलमं पाडली. आता डोंगर थोडा हलला. "हरतो," तो म्हणाला, "पण पाठीवर नाही. कलम एक. ओरडणार नाही, कलम दोन. डोळे मिटणार नाही, कलम तीन."

"मग हरणार कसे?"

"उभ्याने."

आजोबा तो कागद घेऊन टपाल कचेरीत गेले. बाण पत्रांचे गठ्ठे लावत होता. वाचून त्याचा चेहरा पडला. "पंचकाका, तो उभा राहून हरणार म्हणजे मी जिंकणार कसा? लोकांना वाटेल दोघं बसची वाट बघताहेत."

"मग तुम्ही काय म्हणता? लिहा कलम चार."

बाणाने लिहिलं. आजोबा परत शिंप्याकडे. डोंगराने त्याला पोटकलम जोडलं. आजोबा परत टपालात. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सतरा कलमं झाली होती. सातवं कलम चौथ्याला रद्द करत होतं, अकरावं कलम सातव्याला. आणि कोण कुणाकडून हरतोय हे बघायला आजोबांना कागद उजेडात धरावा लागत होता. वकीलसाहेबांनी मात्र तो वाचून, "सुरेख!" म्हटलं.

शेवटी शुक्रवारी आजोबा डोंगराच्या दुकानात नुसतेच बसले. गुडघा दुखत होता. त्यांनी साधं विचारलं, "का हो, एवढं काय आहे त्या पट्ट्यात?"

डोंगराने मशीन थांबवलं. "काका, तुम्ही हसाल."

"हसायला अंगात जोर लागतो. तो राहिला नाही."

"मला गिऱ्हाइकांची भीती वाटते," डोंगर म्हणाला. "कपड्याला उशीर झाला की लोक ओरडतात. मला उलट बोलता येत नाही. घशात आवंढाच येतो. हा पट्टा भिंतीवर लागल्यापासून एकही माणूस माझ्यावर ओरडला नाही. परवा एकजण स्वतःच म्हणाला, विजार पुढच्या महिन्यात दिलीत तरी चालेल. पट्टा गेला की…" त्याने खिळ्याकडे बघितलं.

आजोबा उठले आणि लंगडत टपाल कचेरीत गेले. रिवाजच तसा होता. एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायचं. त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं.

बाणाने हातातलं पाकीट गठ्ठ्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आणि मी कशाला मागतोय, ते सांगितलंत का त्याला? अकरा वर्षं पत्रं वाटतोय. दोनशे बारा घरं. लोक दार उघडतात, पत्राकडे बघतात, दार लावतात. मी जिंकणार म्हणून या आठवड्यात सगळीकडे सांगितलं. म्हणजे ठरलंय असं नाही हो सांगितलं! नुसतं, 'बघायला या' म्हटलं. तर काका, पहिल्यांदा लोकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं."

आजोबांनी तेही तसंच्या तसं डोंगराला पोचवलं. आणि घरी येऊन गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवून आडवे झाले.

शनिवारी सकाळी डोंगर स्वतः त्यांच्या दारात आला. हातात चंदेरी विजार. दोन्ही पाय शिवलेले.

"हरतो, काका," तो म्हणाला. "पाठीवर. साधा, सरळ. तो कागद फाडून टाका. दोनशे बारा घरं म्हणजे काय थोडी झाली?"

आजोबांनी त्याला मिठी मारली. म्हणजे जेवढा हातात आला तेवढ्याला मारली.

आता मुलांनो, इथे एक गोष्ट आजोबांना माहीत नव्हती. ती तुम्हाला सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुमचा गोंधळ होणार नाही. गोंधळ करायला तिकडे माणसं पुरेशी होती. झालं असं, की शुक्रवारी बाणाचंही मन पाघळलं. 'बिचारा शिंपी,' त्याला वाटलं, 'पट्टा गेला तर त्याला लोक खाऊन टाकतील.' त्याने आजोबांना पत्र लिहिलं : मीच हरतो, डोंगराला सांगू नका, त्याला वाईट वाटेल. आता हे पत्र तो चार पावलं चालत येऊन हातात देऊ शकला असता. पण पोस्टमनने पत्र असं हातात द्यायचं? तिकिटाशिवाय? शिक्क्याशिवाय? त्याने तिकीट लावलं, पेटीत टाकलं आणि हिशेब केला, की शनिवारी पोचेल. पोचलंही असतं. पण आजोबांच्या गल्लीचा पोस्टमन शनिवारी रजेवर होता. कुस्तीची तयारी करायला.

रविवार उजाडला. सभागृह गच्च भरलं. पुढच्या रांगेत सभागृहाचे कारकून सहकुटुंब बसले होते, हे बघून आजोबांनी घाईने तोंड दुसरीकडे वळवलं. घंटेच्या टेबलामागे हातोडी घेऊन गादीवाले, शेजारच्या खुर्चीवर भिंगरी. ती हलत नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून आजोबांकडे बघत होती. ती सरळ चालल्यापासून आजोबांना तिच्या नजरेचा धाकच बसला होता.

आजोबांनी खूण केली. एक ठोका. सुरू.

डोंगराने आरोळी ठोकली. बाण दोराला धडकून परत आला आणि त्याने डोंगराच्या छातीला नुसतं बोट लावलं. एकशे अठरा किलो धाडकन पाठीवर! लोक उठून उभे राहिले. आजोबांना हायसं वाटलं. आता बाण याच्यावर ओणवा होईल, खांदे गादीला टेकलेले असताना आपण तीन मोजू, आणि घरी जाऊ.

बाण ओणवा झालाच नाही. त्याला वाटलं, डोंगराचा पाय घसरला. बिचारा! त्याने हात देऊन डोंगराला उभं केलं आणि त्याच हाताने स्वतःला झटका देऊन स्वतःच पाठीवर कोसळला.

डोंगर बावचळला. त्याला वाटलं, हा मुलगा उत्साहात क्रम विसरला. त्याने बाणाला उचललं आणि अलगद पायांवर ठेवलं. इस्त्रीचा शर्ट ठेवावा तसं. आणि मग तो परत पडला.

आजोबा आडवे झाले. मोजायला पंचाला गादीला गाल लावावाच लागतो. "हे काय चाललंय?" ते कुजबुजले.

"काका, त्याला सांगा, माझ्यावर ये म्हणावं," डोंगर कुजबुजला.

आजोबा रांगत बाणाकडे गेले. "तो म्हणतोय, ये."

"त्याला सांगा, मी पडलोय, तूच ये."

"तू का पडलास?"

"पत्र मिळालं नाही का तुम्हाला?"

"कसलं पत्र?"

"शुक्रवारी टाकलं!"

"बाबा रे, मला काही मिळालं नाही!"

"मग पोस्टमन कोण आहे तुमच्या गल्लीचा?" बाण चिडून म्हणाला. आणि मग एकदम गप्प झाला.

आजोबा रांगत परत डोंगराकडे, तिथून बाणाकडे, तिथून डोंगराकडे. लोकांना वाटलं पंचाचं काहीतरी हरवलंय, मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, चष्मा डोळ्यांवरच आहे!" सगळं सभागृह हसलं. रिंगमध्ये मात्र दोन पैलवान शेजारी शेजारी उताणे पडले होते आणि चारही खांदे गादीला टेकलेले होते.

गादीवाले हातोडी टेबलावर टाकून रिंगकडे धावले. दोराला लटकून ओरडायला लागले, "अहो, डोंगर हरला म्हणा! डोंगर! ठरलंय!" आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन पुढच्या रांगेतल्या कारकुनांकडे बघून म्हणाले, "म्हणजे… असं मला वाटतं."

आजोबांनी मान वर केली. या सभागृहात आता काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. गादीवाल्यांना नाही, पैलवानांना नाही, सतरा कलमांनाही नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते. आणि तेव्हा त्यांना एकदम त्यांचा जुना तराजू आठवला. दोन्ही पारडी एका पातळीत आली, की ते कधी कुणाच्या बाजूने काटा ढकलत नसत. जे दिसतं ते लिहायचं. बास.

त्यांनी हात उचलला. "एक!" थाप. डोंगराने समाधानाने डोळे मिटले. "दोन!" थाप. बाणाने पाय ताणून दिले. "तीन!"

आजोबा गुडघा धरून उठले. "दोघंही हरले," ते म्हणाले. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "दोघंही हरले! पट्टा कुणाचाच नाही."

आणि त्यांनी घंटेकडे बघितलं. टेबलामागे फक्त भिंगरी होती. हातोडी तिच्या हातात होती.

"वाजवू नकोस ग बाळा!" गादीवाले दोरावरून ओरडले. "वाजव, वाजव!" लोक ओरडले. भिंगरी कुणाकडेच बघत नव्हती. ती आजोबांकडे बघत होती. आजोबांनी तीन बोटं दाखवली.

ठण्. ठण्. ठण्.

कुस्ती संपली. म्हणजे पट्ट्याचा आठवडाही संपला. आता दोघांना एकमेकांशी बोलायला मोकळीक होती, आणि सहा दिवसांचं बोलणं साचलं होतं.

"मी पडलो होतो ना? मग मला उचललंस कशाला?" डोंगर उठून बसत म्हणाला.

"तुझी कीव आली म्हणून! गिऱ्हाइकांना घाबरतोस म्हणे."

"कीव? माझी? अरे, मला तुझी कीव आली! कुणी तोंडाकडे बघत नाही म्हणून रडत होतास!"

"मला नकोय तुझी कीव!"

"मला काय तुझी हवीय?"

दोघंही उभे राहिले होते. डोंगराचा आवाज, तो एवढासा आवाज, आता छताला जाऊन आपटत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणालातरी उलट बोलत होता. आणि सभागृहातले सगळेजण बाणाच्या तोंडाकडे बघत होते. मध्ये आजोबा, रिंगच्या कोपऱ्यात टांगलेला पट्टा आता दोन्ही हातांत धरून, एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत. त्यांच्या डोक्यात नुसता चरखा फिरत होता.

"आजोबा!" भिंगरीने हाक मारली. "आता कुस्ती परत झाली, तर कोण हरेल?"

"मला काय माहीत!" आजोबा म्हणाले.

"गादीवालेकाकांना माहीत आहे?"

गादीवाले दोराला लटकलेले होते. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

"मग अर्जावरची ती खूण," भिंगरी हळूच म्हणाली, "आता खरी होईल?"

आजोबांनी पुढच्या रांगेतल्या कारकुनांकडे बघितलं. मग दोन पैलवानांकडे. मग भिंगरीकडे. त्यांना 'हो' म्हणायला सुचलं नाही, आणि 'नाही' म्हणायला ते विसरले. ते पट्टा छातीशी धरून दोन पावलं मागे सरकले, इतकंच.

भिंगरी खुर्चीवर उभी राहिली. तिने हातोडी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली आणि घंटेवर ठोका दिला. एकच.